वाचकांचे प्रश्न : एकमेकांशी बांधलेले हो-नाही कॉम्प्युटरवर कसे तयार करायचे?

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच गोष्टीवरचे आहेत. कॉम्प्युटरवर ० आणि १ चा डेटा तयार करायचा, पण सुटा सुटा नाही, एकमेकांशी कोरिलेशन (दोन गोष्टी किती जुळून चालतात ते -१ ते १ मध्ये सांगणारा आकडा) असलेला. एकाच गावातल्या मुलांना लस मिळाली का, एका पेशंटने या महिन्यात गोळ्या घेतल्या आणि पुढच्या महिन्यात पण घेतल्या का, एका ग्राहकाने ही वस्तू घेतली तर ती पण घेतली का, असा. थीसिसमध्ये एखादी पद्धत तपासून बघायची असली की हे लागतंच, आणि वर्गात हे फार कमी शिकवलं जातं, म्हणून जागा जरा जास्त घेतोय.

प्रश्न : सर नमस्कार, मला दोन प्रश्नांची हो-नाही उत्तरं तयार करायचीत, दोन्हीत हो म्हणणारे ५० टक्के आणि कोरिलेशन ०.३. मी आधी ०.३ कोरिलेशन असलेले नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या वितरणातले, सरासरी शून्य) आकडे काढले आणि शून्याच्या वर असेल तर १, खाली असेल तर ० असं केलं. पण उत्तर ०.१९ येतंय. एक लाख ओळी घेतल्या, सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदललं, तरी ०.१९च. गाईड म्हणतायत कोडमध्येच गडबड आहे. कुठे चुकतंय? (पीएचडी विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कोडमध्ये काही गडबड नाही, ०.१९च यायला पाहिजे आणि तेच आलंय. नॉर्मल आकडा कापून त्याचा ० किंवा १ केला की त्यातली बरीच माहिती निघून जाते, शून्याच्या किंचित वर असलेला ०.०२ आणि चांगला लांब गेलेला २.७ हे दोघंही नुसते १ होऊन बसतात, मग मूळ आकड्यांत जेवढी जवळीक होती तेवढी कापल्यावर कशी उरेल. ५०-५० च्या बाबतीत किती उरते याचं नेमकं सूत्र आहे आणि ते चांगलं जुनं आहे, शेपर्ड नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये छापलेलं. दोन्ही नॉर्मल आकडे शून्याच्या वर असण्याची प्रोबॅबिलिटी म्हणजे पाव अधिक (नॉर्मलच्या कोरिलेशनचा आर्कसाईन भागिले २π, π म्हणजे पाय). त्यावरून हो-नाहीचं कोरिलेशन काढलं की ते येतं आर्कसाईन गुणिले २ भागिले पाय. यात ०.३ घालून बघा, ०.१९४ येतं. तुमचा आकडा.

आता हेच उलटं सोडवायचं. बाहेर ०.३ हवंय तर आत किती घालायचं? साईन (पाय × ०.३ ÷ २), म्हणजे ०.४५४. नॉर्मल आकडे ०.४५४ ने काढा, बाकी कोडला हात लावू नका, ०.३ मिळेल. गाईडना हा हिशोब कागदावर दाखवा, चार ओळींचा आहे, लगेच पटेल.

पण इथे थांबू नका, कारण ०.४५४ हा आकडा फक्त ५०-५० साठी आहे. बरेच जण तो पाठ करतात आणि सगळीकडे वापरतात. समजा दोन्ही प्रश्नांना हो म्हणणारे फक्त १० टक्के आहेत, म्हणजे नॉर्मल आकडा १.२८ च्या वर गेला तरच १ द्यायचा. इथे आत ०.३ घातलं तर बाहेर ०.१३च्या आसपास येतं, आणि बाहेर ०.३ हवं असेल तर आत ०.५७ घालावं लागतं. हो म्हणणारे जितके विरळ तितकं आतलं कोरिलेशन जास्त ताणावं लागतं. ५०-५० सोडून इतर ठिकाणी असं सरळ सूत्र मिळत नाही, तिथे शोधावं लागतं. आधी दोघं एकदम १ असण्याची प्रोबॅबिलिटी काढायची, इथे ती ०.१ × ०.१ अधिक ०.३ × ०.०९ (०.०९ म्हणजे ०.१ × ०.९), म्हणजे ०.०३७. मग आतलं कोरिलेशन वर-खाली करत बघायचं की दोन नॉर्मल आकडे एकदम १.२८ च्या वर जायची प्रोबॅबिलिटी कधी ०.०३७ होते. आर सॉफ्टवेअरमध्ये एमव्हीटीनॉर्म नावाचं पॅकेज ही प्रोबॅबिलिटी देतं, आणि अर्ध्या-अर्ध्याने शोधणारं साधं लूप लावलं की क्षणात उत्तर येतं.

ही सगळी रीत एमरिच आणि पीडमाँटे या दोघांनी १९९१ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिशियन या नियतकालिकात मांडली, आज जी तयार पॅकेजेस आहेत त्यातली बरीच आतून हेच करतात. बाइनडेटा नावाचं जे आर पॅकेज आहे ते पण नॉर्मल कापूनच ०-१ बनवतं, फक्त आतल्या कोरिलेशनसाठी ते आधीच काढून ठेवलेल्या तक्त्यावरून अंदाज घेतं. पॅकेज वापरा, हरकत नाही, पण एकदा तरी हे स्वतः हाताने करून बघा असं मी आग्रहाने सांगेन, कारण पॅकेजने काय गृहीत धरलंय ते व्हायव्हात तुम्हालाच सांगायचंय.

प्रश्न : मी मेडिकलची पीजी आहे, कम्युनिटी मेडिसिन. थीसिससाठी लसीकरणाचा ३० क्लस्टरचा (क्लस्टर म्हणजे इथे एक गाव) सर्व्हे करणार आहे, प्रत्येक क्लस्टरमध्ये ७ मुलं, एकूण २१०. सॅम्पल साइजमध्ये डिझाइन इफेक्ट २ धरलाय कारण सगळेच धरतात. एथिक्स कमिटीत एका मॅडमनी विचारलं की हा २ आला कुठून आणि तो खरा नसेल तर काय होईल, मला काही बोलता आलं नाही. हे सिम्युलेशनने (कॉम्प्युटरवर बनवलेल्या डेटाने) दाखवता येईल का? मला कोडिंग येत नाही, एक्सेल येतं. (विदर्भातून)

उत्तर : मॅडमनी फार चांगला प्रश्न विचारला. येईल दाखवता, आणि एक्सेल पुरेसं आहे.

आधी २ चा हिशोब. ३० गुणिले ७ ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण कार्यक्रमातून सगळीकडे पसरली, हेंडरसन आणि सुंदरेसन यांचा १९८२ चा लेख त्यावर आहे. कव्हरेज (लस मिळालेल्या मुलांचं प्रमाण) ५० टक्के धरून १० टक्के इकडेतिकडे चालेल असं म्हटलं तर सुटी सुटी मुलं साधारण ९६ लागतात, त्याची दुप्पट १९२, भागिले ३० म्हणजे ६.४, म्हणून ७. ही दुप्पट म्हणजेच तुमचा डिझाइन इफेक्ट. आणि दुप्पट का, तर एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात, एएनएम (गावची नर्स) ताई तिथे नियमित येतात किंवा येत नाहीत, रस्ता आहे किंवा नाही, त्यात या पद्धतीत पहिलं घर रँडम आणि मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, त्यामुळे सातवं मूल पहिल्या सहांपेक्षा फारसं नवीन काही सांगत नाही.

सूत्र असं: डिझाइन इफेक्ट = १ + (क्लस्टरमधली मुलं वजा १) × एका क्लस्टरमधल्या दोन मुलांतलं कोरिलेशन. ७ मुलं आणि इफेक्ट २, म्हणजे ६ × कोरिलेशन = १, म्हणजे कोरिलेशन १/६, साधारण ०.१७. तर २ धरला याचा अर्थ तुम्ही न बोलता असं म्हणताय की एका गावातल्या कुठल्याही दोन मुलांचं हो-नाही ०.१७ ने जुळलेलं आहे. मॅडमना पहिलं उत्तर हे द्या. आणि हा २ क्लस्टरच्या साइजला बांधलेला आहे हे पण सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, जे मुंबईच्या आयआयपीएस संस्थेमार्फत होतं, त्यात एका क्लस्टरमधून २२ घरं घेतात. समजा कोरिलेशन तेच १/६ राहिलं आणि तुम्ही एका गावातून २२ मुलं घेतली तर इफेक्ट १ + २१/६, म्हणजे साडेचार होईल. २ हा काही सगळीकडे चालणारा आकडा नाही.

आता डेटा तयार करू. समजा तुमच्या भागात खरं कव्हरेज ८० टक्के आहे. प्रत्येक गावाचं स्वतःचं एक कव्हरेज असतं असं धरायचं, कुठे ९५, कुठे ६०, आणि ते बीटा नावाच्या वितरणातून काढायचं. बीटाला दोन आकडे लागतात, पहिला = कव्हरेज × (१ वजा कोरिलेशन) ÷ कोरिलेशन, दुसरा = (१ वजा कव्हरेज) × तेच, म्हणजे (१ वजा कोरिलेशन) ÷ कोरिलेशन. कोरिलेशन १/६ असेल तर ते “तेच” बरोब्बर ५ येतं, म्हणून पहिला ४ आणि दुसरा १. आणि बीटा (४, १) इतकं सोपं निघतं की एक्सेलच्या रँड फंक्शनचा (० ते १ मधला रँडम आकडा) ०.२५ वा घात घेतला की झालं, म्हणजे वर्गमूळाचं वर्गमूळ.

अ कॉलममध्ये ३० ओळी, प्रत्येकीत वर्गमूळ (वर्गमूळ (रँड)). हे ३० गावांचं खरं कव्हरेज. त्याच्या उजवीकडे सात कॉलम, प्रत्येक खान्यात नवीन रँड, तो अ पेक्षा लहान असेल तर १, नाहीतर ०. झाला तुमचा सर्व्हे. एफ ९ दाबत रहा, प्रत्येक वेळी नवीन सर्व्हे मिळेल. अ कॉलमकडे नीट बघा, ५० टक्क्यांच्या खालचं गाव किती वेळा येतं? हिशोबाने ०.५ चा चौथा घात, म्हणजे ६.२५ टक्के गावं, तीसमध्ये साधारण दोन. मग स्वतःला विचारा, माझ्या तालुक्यात हे खरं वाटतं का. तीसमधली दोन गावं इतकी वाईट असणं शक्य वाटत असेल तर तुमचा २ ठीक आहे, तुमची पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) बघून असं वाटत असेल की गावं यापेक्षा सारखी आहेत तर तो जास्त आहे. हा विचार नुसत्या सूत्राने होत नाही, तयार झालेला डेटा डोळ्यांनी बघितल्यावर होतो, म्हणून मला हे सिम्युलेशन इतकं महत्त्वाचं वाटतं.

खरा नसेल तर काय होईल? २१० सुटी मुलं असती तर ८० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना ५.४ टक्क्यांचं ९५ टक्के इंटरव्हल (खरं कव्हरेज ज्या पट्ट्यात सापडावं तो) आलं असतं. इफेक्ट २ असेल तर खरं इंटरव्हल ७.७ टक्के आहे. आणि एखाद्याने क्लस्टर विसरून ५.४ च छापलं तर त्याचा “९५ टक्के” वाला दावा प्रत्यक्षात साधारण ८३ टक्के वेळाच खरा ठरतो. एक्सेलमध्ये हजारभर सर्व्हे साठवून मोजलंत तर ८३ च्या जवळपास दिसेल, तोच तक्ता कमिटीपुढे ठेवा.

कव्हरेज आणि कोरिलेशन वेगळे असतील तर बीटाचे दोन आकडे वरच्या सूत्राने काढा आणि एक्सेलच्या बीटा इन्व्हर्स फंक्शनमध्ये रँड घाला.

अजून एक पद्धत सांगून ठेवतो, लन आणि डेव्हिस यांची, १९९८ ची, कारण ती पण अगदी सोपी आहे आणि तिच्याशी तुलना केल्यावर एक गोष्ट कळते. प्रत्येक गावासाठी एक “गावाचं उत्तर” काढायचं, ८० टक्के वेळा १. प्रत्येक मुलासाठी त्याचं स्वतःचं उत्तर पण काढायचं, तेही ८० टक्के वेळा १. मग प्रत्येक मूल कोरिलेशनच्या वर्गमूळाइतक्या प्रोबॅबिलिटीने, इथे ०.४१, गावाचं उत्तर उचलतं, नाहीतर स्वतःचं ठेवतं. दोन मुलांनी एकदम गावाचं उत्तर उचलायची प्रोबॅबिलिटी ०.४१ चा वर्ग म्हणजे १/६, तेवढंच त्यांच्यातलं कोरिलेशन. कव्हरेज तेच, कोरिलेशन तेच. पण गावं बघा, फक्त दोनच प्रकारची, ८८ टक्केवाली आणि ४७ टक्केवाली. सातच्या सात मुलांना लस मिळालेलं गाव सुट्या मुलांत २१ टक्के वेळा येतं, बीटाने ३६ टक्के वेळा आणि लन-डेव्हिसने ३३ टक्के वेळा. म्हणजे सरासरी आणि जोडीजोडीचं कोरिलेशन ठरवलं तरी डेटा पूर्ण ठरत नाही, तिघं एकदम, चौघं एकदम कसे वागतात ते पद्धत ठरवते. गावांसाठी मी बीटाच घेईन, कारण खरी गावं दोन प्रकारची नसतात, त्यांची एक लांब रांग असते.

प्रश्न : कंपनीत डेटा अॅनालिस्ट आहे. एक वस्तू १० टक्के लोक घेतात, दुसरी ५० टक्के, आणि मॅनेजरना दोघांत ०.६ कोरिलेशनचा टेस्ट डेटा हवाय. पॅकेज सांगतं की असं मॅट्रिक्स (जोडीजोडीच्या कोरिलेशनचा तक्ता) चालणार नाही. पायथनमध्ये हाताने केलं तर ०.३३ च्या वर जातच नाही. दुसरं पॅकेज सुचवा. (बंगळुरू)

उत्तर : दुसरं कुठलंच पॅकेज ते करू शकणार नाही, कारण असा डेटा असूच शकत नाही. हे एकदा शांतपणे बघा. पहिली वस्तू १०० पैकी १० जण घेतात. जास्तीत जास्त जवळीक म्हणजे काय, तर त्या दहाच्या दहा जणांनी दुसरी पण घेतली. याहून जास्त काही होऊ शकत नाही. तेव्हा दोन्ही घेणारे ०.१०, सुटं असतं तर ०.०५ असते, फरक ०.०५. त्याला भागायचं दोन्हींच्या प्रमाणित विचलनाच्या गुणाकाराने, ०.३ × ०.५ = ०.१५. उत्तर एक तृतीयांश, ०.३३. तुमचा पायथन कोड तुम्हाला खरं तेच सांगत होता.

नॉर्मल आकड्यांची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे सरासरी काहीही ठेवा, कोरिलेशन -१ ते १ मध्ये हवं ते मिळतं. ०-१ मध्ये सरासरी आणि कोरिलेशन एकमेकांना बांधलेले आहेत. खालच्या बाजूला तर अजूनच घट्ट, दोन्ही वस्तू १० टक्केवाल्या असतील तर उणे कोरिलेशन -०.११ च्या खाली जातच नाही, कारण एकही माणूस दोन्ही घेत नाही यापुढे जायला जागाच नाही. म्हणून डेटा तयार करायच्या आधी प्रत्येक जोडीसाठी हे दोन टोकांचे आकडे काढून ठेवायचे: दोन्ही एकदम १ असणं जास्तीत जास्त दोघांतल्या लहान टक्केवारीइतकं, आणि कमीत कमी दोघांची बेरीज वजा १ (ते उणे आलं तर शून्य).

मॅनेजरना ०.६ म्हणजे काय हवंय ते विचारा. बहुतेक त्यांच्या मनात “पहिली घेणाऱ्यांपैकी ६० टक्के दुसरी पण घेतात” असं काहीतरी असेल, तर ते अगदी शक्य आहे, फक्त त्याचं कोरिलेशन ०.०७ च्या आसपास येतं. त्या आकड्यावरून थेट तक्ता भरा, कोरिलेशनच्या वाटेला जायचीच गरज नाही.

प्रश्न : मी शाळेत गणित शिकवते, अकरावी-बारावी. मुलांना दोन “जुळलेली नाणी” दाखवायचीत, कोरिलेशन ०.३, अगदी सोप्या रीतीने. (नाशिक)

उत्तर : मॅडम, दोनच नाणी असतील तर नॉर्मल, बीटा काही नको. पहिलं नाणं साधं टाका. छापा आला तर दुसऱ्याला छाप्याची प्रोबॅबिलिटी ०.६५ द्या, काटा आला तर ०.३५. दुसरं नाणं एकटं बघितलं तर ५०-५०च राहतं, आणि कोरिलेशन म्हणजे दोघांतला फरक, ०.६५ वजा ०.३५ = ०.३. हा फरक = कोरिलेशन हे दोन्ही नाण्यांची टक्केवारी सारखी असेल तेव्हाच लागू, एवढं मुलांना सांगा. मुलांना आधी फक्त दुसऱ्या नाण्याचा कॉलम दाखवा आणि विचारा यात काही वेगळं दिसतंय का, कुणालाच काही सापडणार नाही, मग शेजारी पहिला कॉलम ठेवा.

प्रश्न : चहाच्या तीन ब्रँडवर मार्केट रिसर्च आहे, एक घेतो तो दुसरा शक्यतो घेत नाही. तिन्हींना ५० टक्के, प्रत्येक जोडीत -०.४. तुमच्यासारख्यांकडून शिकलोय की जोडीची टोकं तपासायची, ती तपासली, -१ पर्यंत चालतं. मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट आहे (कोरिलेशनचं मॅट्रिक्स म्हणून चालायला ही अट लागते), सगळ्या आयगेन व्हॅल्यू धन. तरी साईनचं सूत्र लावल्यावर नॉर्मलचं मॅट्रिक्स बिघडतं. (मुंबई)

उत्तर : दोन्ही तपासण्या पास होऊनही डेटा अशक्य असू शकतो, आणि तुमचं उदाहरण त्याचा अगदी स्वच्छ पुरावा आहे. विचार करा, तीन खान्यांत ० किंवा १ भरायचाय. कसंही भरा, निदान दोन खाने सारखे येणारच, कारण चिन्हंच दोन आहेत. म्हणजे “पहिला-दुसरा सारखे”, “दुसरा-तिसरा सारखे”, “पहिला-तिसरा सारखे” या तीन प्रोबॅबिलिटींची बेरीज कमीत कमी १ असलीच पाहिजे. ५०-५० मध्ये सारखे असण्याची प्रोबॅबिलिटी = (१ + कोरिलेशन) ÷ २, तुमच्या -०.४ ला ती ०.३, तिनांची बेरीज ०.९. एकपेक्षा कमी. असा डेटा नाहीच. हद्द आहे -१/३.

नॉर्मल मॅट्रिक्स पण तेच ओरडून सांगत होतं, -०.४ साठी आत -०.५८८ लागतं आणि तीन नॉर्मल आकड्यांत सगळीकडे सारखं कोरिलेशन -०.५ च्या खाली जात नाही. आता इथे एक सावधगिरी. आरमध्ये “जवळचं पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्स शोधून दे” असं फंक्शन आहे आणि लोक एरर घालवायला ते लावून मोकळे होतात. तुमच्या बाबतीत ते -०.५८८ चं -०.५ करून देईल, कोड धावेल, आणि डेटात -०.४ ऐवजी -०.३३ असेल. रिपोर्टमध्ये मात्र -०.४ छापलेलं राहील. माझी कळकळीची विनंती आहे, हे फंक्शन लावलं तर बाहेर आलेलं कोरिलेशन मोजा आणि तेच छापा.

मुळात अडचण अशी की तीन ब्रँडच्या डेटाला ७ प्रोबॅबिलिटी लागतात (आठ शक्यता, बेरीज १), सात मुलांच्या गावाला १२७, वीस प्रश्नांच्या फॉर्मला १०,४८,५७५. टक्केवारी आणि जोड्या देऊन आपण त्यातल्या मूठभरच ठरवतो. हे सगळं एका सूत्रात मांडलं ते रघु राज बहादुर यांनी, १९६१ मध्ये. जन्म दिल्लीचा, पुढे कोलकात्याचं इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि शिकागो विद्यापीठ. त्यांच्या मांडणीत आधी टक्केवारी, मग जोड्यांची कोरिलेशन, मग तिघांची, चौघांची अशा पायऱ्या येतात. जोड्यांपाशी थांबून पुढचं सगळं शून्य धरलं तर सूत्र छान सुटसुटीत होतं, पण कधीकधी एखाद्या शक्यतेला उणे प्रोबॅबिलिटी येते आणि मग डेटा काढताच येत नाही. क्लस्टर मोठे झाले की हे फार लवकर होतं.

तुमच्या चहाला माझा सल्ला, कोरिलेशन सोडा आणि ग्राहक काय करतो ते लिहा: इतके टक्के फक्त पहिला घेतात, इतके फक्त दुसरा, इतके दोन घेतात, इतके काहीच नाही. आठ शक्यतांची टक्केवारी टेबलात भरा आणि त्यातून ओळी उचला. तीन ब्रँडला यापेक्षा चांगलं काही नाही.

प्रश्न : पेशंट दर महिन्याला गोळ्या घेतो की नाही, १२ महिने. जवळच्या महिन्यांत जास्त कोरिलेशन, लांबच्यात कमी. बायोस्टॅटिस्टिक्स शिकतेय. (अमेरिका)

उत्तर : सगळ्यात सोपं हेच आहे. पुढच्या महिन्याची प्रोबॅबिलिटी = सरासरी + कोरिलेशन × (या महिन्याचं ०/१ वजा सरासरी). सरासरी ०.६, कोरिलेशन ०.५ असेल तर या महिन्यात घेतल्या तर पुढे ०.८, नाही घेतल्या तर ०.३. पहिला महिना ०.६ ने सुरू करा म्हणजे बाराही महिने सरासरी ०.६ राहते. शेजारच्या महिन्यांत ०.५, एक सोडून ०.२५, मग ०.१२५. फक्त यात पेशंटला मागचा एकच महिना आठवतो, काही माणसं मुळातच नियमित आणि काही मुळातच विसराळू असा फरक यात नाही. तसं हवं असेल तर आधी प्रत्येक पेशंटची स्वतःची सरासरी बीटातून काढा आणि मग ही साखळी चालवा, पण मग एकूण कोरिलेशन ०.५ पेक्षा जास्त येईल, ते मोजून आतला आकडा कमी करा.

प्रश्न : ५०-५० साठी ०.४५४ वालंच सूत्र मी पण वापरतो, १०० ओळी काढल्या आणि कोरिलेशन ०.२१ आलं, ०.३ नाही. आता काय चुकलं? (एम.एस्सी., कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक काहीच नाही. १०० ओळींत ०.३ च्या कोरिलेशनला साधारण ०.०९५ चा हेलकावा असतो, म्हणजे ०.२१ काय, ०.४ आलं तरी दचकायचं कारण नाही. कोड तपासायचा असेल तर एक लाख ओळी काढा, तिथे हेलकावा ०.००३ वर येतो, आणि तिथे ०.२९ किंवा ०.३१ आलं तर मात्र कोड उघडून बसा. तपासणी झाली की परत १०० वर या, कारण तुमच्या खऱ्या सर्व्हेत शंभरच माणसं असणार आहेत, आणि प्रत्येक शंभरातला आकडा ओढून-ताणून ०.३ वर आणायला जाऊ नका. सीड लिहून ठेवा, आणि किती वेळा सिम्युलेशन केलं ते पण थीसिसमध्ये लिहा: १००० वेळा केलं तर ९५ टक्क्यांच्या कव्हरेजमध्ये (इथे कव्हरेज म्हणजे खरा आकडा इंटरव्हलमध्ये सापडायचं प्रमाण) सुद्धा साधारण ०.७ टक्क्याचा हेलकावा उरतो, म्हणून तुमच्या टेबलात ९४.३ आणि ९५.४ असे दोन आकडे शेजारी आले तर एक पद्धत दुसरीपेक्षा चांगली असं तेवढ्यावरून लिहू नका, आधी १०,००० वेळा चालवा.